सतरा टॅब आणि एक देवाचा

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. 'पोपट आवटे याने कार्यालयाच्या संकेतस्थळात अनधिकृतपणे प्रवेश केला.' पंधरा वर्षं झाली, हे वाक्य तुमच्या फायलीत पाय पसरून बसलंय. मी घुसलो नव्हतो. तुम्ही दाराच्या कडीवर जाहिरात चिकटवली होती आणि आम्ही सदतीस जणांनी ती कडी चाचपून शोधली. कडी झाकणारा साहेब आणि शोधणारा चोर, हा कुठला न्याय?

तुमचं नाव घेत नाही. त्या खुर्चीत तेव्हापासून सहा जण बसून गेले, त्यामुळे मी खुर्चीशीच बोलतोय. खुर्चीला कान नसतात हे मला ठाऊक आहे. पण तिच्या कचेरीत आवक रजिस्टर असतं. तेव्हा ऐका.

मार्चमधला दुसरा शनिवार होता, सकाळचे अकरा. भीमेकाठच्या आमच्या टाकळीत बाजार समितीच्या आवारासमोर माझं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर आणि चौघांत मिळून अडीच माऊस. अर्धा म्हणजे ज्याचं फक्त उजवं बटण चालायचं तो. पहिल्या कॉम्प्युटरवर शारदावहिनी बसल्या होत्या, शारदा ननवरे. त्यांचा नवरा नाना समोरच्या आवारात पोती उचलायचा. दिवाळीत त्याची पाठ धरली ती सुटली नव्हती. वहिनी बारावी शिकलेल्या, टायपिंगची परीक्षा दिलेल्या, आणि दहा वर्षं त्या टायपिंगचा उपयोग शून्य. तुमच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिकाची भरती निघाली होती. अर्ज फक्त वेबसाइटवर, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. दोन एप्रिलला वहिनींना तेहेतीस वर्षं पूर्ण होणार होती आणि तेहेतिसाच्या पुढं तुम्ही दारात उभं करत नव्हता. म्हणजे ही एकच संधी. पुढच्या भरतीला त्या फक्त दुसऱ्यांचे अर्ज भरून देऊ शकल्या असत्या.

त्यांच्या शेजारी स्टुलावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. गयाबाई. आठवडी बाजारात ज्वारी, हुलगा, मटकी मापानं विकणाऱ्या. अंगठाबहाद्दर, पण हिशोबाला पक्क्या. सून नोकरीला लागणार म्हणून त्या दिवशी त्यांनी बाजार बुडवला होता, आणि स्क्रीनवर काय चाललंय हे कळत नसताना दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, 'झालं का गं?'

तीन पानांचा अर्ज. वहिनींनी पन्नास मिनिटं लावून एकही चूक न करता भरला. शेवटच्या रकान्यात मोबाईल नंबर टाकला आणि त्या थांबल्या.

"भावजी, अर्ज पाठवायचं बटण कुठाय?"

मी येऊन बघितलं. बटण नव्हतंच. बटणाच्या जागी टायवाला माणूस होता. गोरापान, केस चापून बसवलेला, आमच्याकडं बोट रोखून हसणारा. डोक्यावर 'यश तुमच्या हातात' अशी उघडझाप करणारी अक्षरं आणि खाली भरतीच्या गाइडांची भली मोठी यादी. दाबायला गेलं की गाइडाचं दुकान उघडायचं. परत येऊन पुन्हा दाबलं, पुन्हा दुकान. वेबसाइट तुम्हाला एका ठेकेदारानं फुकट बनवून दिली होती आणि बदल्यात तिच्यावर जाहिराती लावायची मुभा घेतली होती, हे मला पुढं कळलं. फुकट मिळालेल्या बैलाचे दात मोजू नयेत म्हणतात. पण तो दारात आडवा बसला तर निदान उठवावा तरी.

आता माझ्या कॉम्प्युटरांबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दोष माझाच. बाकीचे दुकानदार चोरीची सिस्टिम घालायचे. मी सरळ मार्गानं फुकट मिळणारी घातली होती. मी नववी नापास, रद्दीतली पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकलेला माणूस. चोरीची लाज होतीच, पण त्याहून खरं कारण असं की पकडलं तर सोडवायला कुणी नव्हतं. त्या सिस्टिमबरोबर ब्राउझर वेगळा यायचा. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून वेबसाइट बघायची ती खिडकी. तुमच्या वेबसाइटच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की ती एकाच विशिष्ट ब्राउझरमध्ये नीट दिसते. म्हणजे एसटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहावं, ही गाडी फक्त पिवळ्या सदऱ्यावाल्यांसाठी.

वेबसाइटवर मदतीचा फोन नंबर होता. लावला. अकराव्या वेळी एका माणसानं उचलला. मी सांगितलं, बटणावर जाहिरात बसलीय. त्यानं कुठंतरी काहीतरी उघडल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "आमच्याकडे दिसतंय."

मी म्हटलं, तुमच्याकडं दिसत असेल, आमच्याकडं दिसत नाही. तो म्हणाला, पण आमच्याकडे दिसतंय ना. मी म्हटलं, अर्ज आम्ही भरायचाय. त्यावर त्यानं मला समजावलं की अडचण असेल तर जिल्ह्याला येऊन भरा. एसटीनं चार तास. घड्याळात बारा वाजत आले होते आणि पुढची गाडी दीडची. गावात दुसरं काय होतं? तहसील कचेरी दुसरा शनिवार म्हणून बंद. दुसऱ्या सायबरवाल्याची लाइन टेलिफोनवाल्यांनी कापलेली. तिसरा भाचीच्या लग्नाला गेलेला, कुलूप लावून.

वहिनींनी पदरानं कीबोर्डवरची धूळ पुसली, जणू निघायच्या आधी जागा स्वच्छ करून द्यावी तशी. ते मला झोंबलं.

मी कॉम्प्युटरच्या आधी पेंटर होतो. भिंती रंगवायचो. गावात अजूनही मला पोपट कुणी म्हणत नाही, पेंटरच म्हणतात. माझे उस्ताद रज्जाकभाई. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली पहिली मोठी जाहिरात काढली, दंतमंजनाची, एका किराणा दुकानाच्या शटरवर. तीन रंगांत, सावली देऊन. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं शटर वर गुंडाळलं आणि दंतमंजन गुंडाळीत गेलं. दुकान दिवसभर उघडं. जाहिरात दिसणार कुणाला, तर दुकान बंद झाल्यावर पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यांना. रज्जाकभाईंनी मला ती घासून काढायला लावली आणि म्हणाले, "बेटा, जाहिरात भिंतीवर काढायची. दारावर नाही, आणि कडीवर तर कधीच नाही. आधी दार उघडून बघ, मग ब्रश बुडव."

तेच डोक्यात आलं. ठेकेदारानं कडीवर रंग मारलाय. पण रंग मारला म्हणून कडी जात नाही. ती खाली असतेच. डोळ्यांनी दिसत नाही, तर हातानं चाचपायची.

आणि चाचपणं मला येत होतं, अडीच माऊसच्या कृपेनं. माऊस नसला की मी टॅबची कळ वापरायचो. टॅब दाबला की खूण एका रकान्यावरून पुढच्यावर जाते, पायरी पायरीनं, मध्ये काहीही असलं तरी. दिसो न दिसो, प्रत्येक गोष्टीवर ती एकदा थांबते. आज मला याच्यावर दहा उपाय सुचतील. त्या दिवशी एकच सुचला. मी त्या पानाचा कच्चा मजकूर उघडला, ज्यात वेबसाइटची सगळी हाडं दिसतात, आणि बोट ठेवून मोजलं. मोबाईल नंबरच्या रकान्यापासून पुढं गाइडाच्या जाहिरातीत सोळा दुवे होते. सतरावं तुमचं बटण, 'अर्ज पाठवा'. अठरावं त्याला खेटून, 'सर्व पुसा'.

सर्व पुसा. अर्ज पाठवायच्या बटणाला चिकटून सगळं पुसून टाकायचं बटण. दवाखान्यात औषधाच्या बाटलीशेजारी उंदराचं औषध ठेवावं, तशी ही अक्कल कुणाची होती तेही एकदा कळवा.

मी वहिनींना सांगितलं, सतरा वेळा टॅब, मग एंटर. सोळा नाही, अठरा नाही. जाहिरातीच्या झगमगाटात खूण दिसणार नाही, म्हणून मोजूनच जायचं. मी दाबतो म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या.

"माझा अर्ज आहे. मीच दाबते."

गयाबाई स्टुलावरून पुढं सरकल्या. "मोजायचंय ना? मग मी मोजते. तू नुसतं दाब. दाबताना मोजलं की चुकतं माणूस."

हे मला पटलं. गावात त्यांच्याइतकं मोजलेलं दुसरं कोण होतं? त्यांनी पदर खोचला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि धान्य मोजताना लावतात त्या सुरात सुरुवात केली.

"लाभ."

वहिनींनी टॅब दाबला. मी मान डोलावली. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे आमच्याकडं पोरासोरालाही माहीत. समोरच्या आवारात दिवसभर तेच ऐकायचो. लाभ, दोन, तीन.

"एक," गयाबाई म्हणाल्या. टॅब. "दोन." टॅब.

इथं माझ्या कानानं मला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी त्या टायवाल्याकडं बघत उभा होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. गयाबाई लयीत आल्या होत्या. पंधरा, सोळा, सतरा. वहिनींनी डोळे मिटून एंटर दाबला.

तीन पानं कोरी झाली.

नाव नाही, गाव नाही, बारावीचे मार्क नाहीत. पन्नास मिनिटं गेली. टायवाला तेवढा जागेवर हसत होता.

मी गयाबाईंना काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की चूक काय झाली ते तरी सांग. मी सांगितलं, मावशी, लाभ म्हणजे एक. लाभनंतर दोन म्हणायचं. तुम्ही लाभनंतर एक म्हटलं, म्हणून अठरा झाले.

"लाभ म्हणजे एक?" त्या खरोखर चकित झाल्या. "आमच्या माहेरी नदीपल्याड पहिली ओंजळ देवाची. ती लाभ. ती मोजत नसत्यात. माप त्याच्यानंतर सुरू होतं. तुमच्या गावात देवालाबी नंबर लावता व्हय रे?"

"मावशी, कॉम्प्युटरला देव कळत नाही."

"मग त्याला काय कळतंय? माझ्या सुनेचं बटण तर दाखवता येईना."

शारदावहिनी हसायला लागल्या. मी आजवर त्यांना एवढ्या मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि ते पाणी कशाचं होतं ते मी विचारलं नाही. मग नाक पुसून म्हणाल्या की पुन्हा भरते.

पण तोवर दुकानात रांग लागली होती. गावभर बातमी गेली होती की सगळीकडं बटण गायब आहे आणि ते पेंटरच्या दुकानात सापडलंय. शेजारच्या तीन वाड्यांमधली पोरं-पोरी आली होती, एक लेकुरवाळी आली होती, वकिलाकडचा एक कारकून आला होता. चारही कॉम्प्युटर भरले. वहिनी पुन्हा बसायला लागल्या तर रांग बोलली की पाण्याच्या टँकरला जो नियम तोच इथं, एका माणसाला एकदाच बारी. भरून झालं ना? मग मागं. मी दुकानाचा मालक, पण टाकळीत रांगेपुढं मालकाचं चालत नाही. वहिनी मुकाट्यानं बाहेर जाऊन शेवटी उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढं चोवीस जण होते. मी मनात भाग पाडला, चोवीस भागिले चार, एकेकाला अर्धा तास. चोख तीन तास. पावणेचार वाजता बारी आणि पन्नास मिनिटांचा अर्ज. मध्ये एकानं जरी घोळ घातला तरी संपलं.

घोळ पहिल्याच फेरीत झाला. वकिलाकडच्या कारकुनानं आपण शिकलेले आहोत म्हणून स्वतःच मोजलं, तेही इंग्रजीत, आणि चुकीच्या रकान्यापासून सुरुवात केली. अर्ज कोरा. तो उठेना. मी परत भरतो म्हणून मशीन अडवून बसला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका पोराचं बोट घाबरून दोनदा पडलं. तोही कोरा. रांगेत कुजबूज सुरू झाली की पेंटरचं बटण बिनभरवशाचं आहे.

तेव्हा गयाबाई उठल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्या दुकानाला सांगितलं की मोजणं हे येरागबाळ्याचं काम नाही, त्या चाळीस वर्षं मोजतायत, आणि आता चौघांचं मिळून एकदम त्या मोजतील. सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघून बोट टेकायचं. देवाची ओंजळ आधी, कळ न दाबता. नुसते हात जोडायचे. मग एकपासून माप सुरू.

चौघं खुर्च्या ओढून त्यांच्याकडं तोंड करून बसले.

"लाभ," गयाबाई म्हणाल्या. चार मशिनींवर चार जणांनी हात जोडले, त्यात पेरूच्या बागा असलेला एक पुढाऱ्याचा पोरगाही होता. "एक." चार कळा एकदम वाजल्या. "दोन." सतरा झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या, सगळ्यांच्या बोटांवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ओता." चौघांनी एंटर दाबला. चार स्क्रीनवर एकदम उमटलं, 'आपला अर्ज प्राप्त झाला आहे.'

दुकानात टाळ्या पडल्या, साहेब. तुमच्या भरतीसाठी कुठल्याही गावात टाळ्या पडल्या असतील असं मला वाटत नाही.

त्यानंतर दर अर्ध्या तासाला चारचा घाणा निघत होता. गयाबाईंचा आवाज बसला, चहा पाजला, पुन्हा सुरू. जे पुढं भरून बसले होते ते मागच्यांसाठी थांबायचे, मग सगळे मिळून लाभ. मी मात्र घड्याळ बघत होतो. कारकुनानं आणि त्या पोरानं अख्खी एक फेरी खाल्ली होती. तीन वाजले तेव्हा वहिनींच्या पुढं अजून दहा जण होते. मी गयाबाईंच्या कानात ते सांगितलं. त्यांना आकडे मोजता येत होते, घड्याळ येत नव्हतं. त्यांना वाटत होतं की सून आता येईलच.

त्यांनी पुढच्या चौघांकडं बघितलं. चारही अर्ज भरून तयार. चौघांनी हात जोडलेले. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी न्हाई मोजत."

कुणाला काही कळेना. पुढाऱ्याचा पोरगा गेला होता, पण त्याचा चुलतभाऊ बसला होता. तो म्हणाला, आजी, असं काय करताय, सुरू करा.

"माझी सून उन्हात उभीय. तिचा अर्ज माझ्या मोजण्यानं गेला. आधी तिला बसवा. बसली की मोजते. नसेल बसवायचं तर हाय तुमचं कॉम्प्युटर, हाय तुमचं बोट."

रांगेनं जरा कुरकुर केली. नियम म्हणजे नियम, आज हिला सोडलं तर उद्या कुणीही. पण स्वतः मोजून अर्ज कोरा झाल्यावरचं वकिलाकडच्या कारकुनाचं तोंड सगळ्यांनी पाहिलं होतं. मग त्या लेकुरवाळीनंच, जिचा नंबर पुढचा होता, बाहेर जाऊन वहिनींना हाताला धरून आणलं आणि आपल्या जागी बसवलं. म्हणाली, मला पोर कडेवर घेऊन टाइप करता येत नाही, तुमचं झालं की माझा तुम्हीच भरून द्या.

गयाबाईंनी ते चौघे मोजून मोकळे केले आणि वहिनी सव्वातीनला मशीनवर बसल्या. या वेळी त्यांना सगळं पाठ होतं. नाव, गाव, मार्क, टायपिंगचा वेग. चार वाजायच्या आत मोबाईल नंबर टाकून बोट टॅबवर ठेवून बसल्या. गयाबाई सुनेच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज आता घोगरा होता. लाभला त्यांनी स्वतःही हात जोडले. सतराव्याला थांबल्या, आणि मागं वळून मला विचारलं, "पेंटर, बरोबर हाय ना?"

मी मोजलं होतं. या वेळी प्रत्येक आकडा बोटावर. म्हटलं, बरोबर आहे मावशी.

"ओत बाई."

स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला. फिरला, फिरला. मग अक्षरं आली. वहिनींनी अर्जाचा क्रमांक हातावर पेननं लिहून घेतला, कारण माझ्या प्रिंटरची शाई दुपारीच संपली होती. लगेच त्यांनी लेकुरवाळीचा अर्ज भरायला घेतला. रकाने आता बाहेरच्या रांगेलाही पाठ झाले होते, मागचे घाणे बारा-पंधरा मिनिटांत निघाले आणि पाचला दहा कमी असताना शेवटचा माणूस उठला. सदतीस अर्ज. दोन कोरे झालेलेही त्यात परत आले, कारकुनासकट.

बरोबर अकरा आठवड्यांनी तुमची नोटीस आली. एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सदतीस अर्ज, सबब संकेतस्थळात घुसखोरी झाल्याचा संशय, खुलासा करा, अन्यथा सदरचे अर्ज बाद करण्यात येतील. मी ती तीनदा वाचली. राग एवढा आला की हसू आलं. मी, वहिनी आणि गयाबाई तिघं एसटीनं जिल्ह्याला आलो. तेव्हाचे साहेब भले गृहस्थ होते, निदान बसा तरी म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडली, स्क्रीन आमच्याकडं वळवली आणि म्हणाले, "पण आमच्याकडे तर दिसतंय."

दिसत होतं. टायवाला शहाण्यासारखा उजव्या कोपऱ्यात उभा होता आणि बटण मधोमध, हिरवंगार. साहेबांच्या टेबलावर तोच तो एक ब्राउझर. सगळ्या कचेरीत तोच. तुम्ही तुमच्याच खिडकीतून तुमचंच दार बघत होता, आणि ते उघडंच दिसत होतं.

गयाबाई उठल्या आणि त्यांनी आपला तळहात स्क्रीनवर त्या हिरव्या बटणावर ठेवला.

"आमच्याकडं असं होतं," त्या म्हणाल्या. "आता भरा."

साहेब म्हणाले, बाई, स्क्रीनला हात लावू नका.

"तुमच्या त्या टायवाल्यानं लावला तर चालतो की."

साहेबांना राग यायला हवा होता, पण आलं हसू. ते म्हणाले, चला बघू. शिपायाला त्यांनी दार लोटायला सांगितलं आणि गंमत म्हणून स्वतःच्याच नावानं अर्ज भरला. खरं नाव, खरी जन्मतारीख. मोबाईल नंबरशी आले. गयाबाईंनी तळहात हलवला नाही. त्यांनी सांगितलं की आधी हात जोडा, आणि साहेबांनी जोडले. सतरा झाल्यावर त्या म्हणाल्या, ओता. साहेबांनी ओतलं.

'आपला अर्ज प्राप्त झाला आहे.'

मुदत संपून अकरा आठवडे झाले होते. तुमची वेबसाइट बंद करायचीच राहून गेली होती. साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. मग म्हणाले की विषय इथंच संपला, अर्ज बाद होणार नाहीत, तुम्ही निवांत जा. मी लेखी मागितलं. ते म्हणाले, लेखी कशाला, मी सांगतोय ना. चहा दिला. सदतीस अर्ज राहिले, हे खरं. पण नोटीस मागं घेतल्याचा कागद आजपर्यंत निघाला नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या दुकानात सरकारी दाखल्यांचं सेवा केंद्र मागितलं. तुमचं उत्तर आलं, आपल्याविरुद्ध घुसखोरीबाबत खुलासा प्रलंबित आहे, सबब विचार करता येत नाही. पंधरा वर्षं प्रलंबित. गयाबाई त्यानंतर दहा वर्षं जगल्या आणि गेल्यासुद्धा. त्यांची ओंजळ पोचली, माझा खुलासा पोचला नाही.

ती फाइल सापडणार नाही असं तुमच्यापैकी कुणालातरी वाटलं असेल. सापडली. तुमच्याच कचेरीत एक बाई आहेत, त्यांनी जुन्या कपाटातून ती शोधून काढली आणि मला सांगितलं, भावजी, तोंडी विचारू नका, लेखी मागा, आणि सगळं लिहा, अगदी माझ्यासकट लिहा. त्यात अडतिसावा अर्जही आहे. छाननीत अपात्र. कारण, वयोमर्यादा ओलांडली. खाली तुमच्याच खात्याची सही. साहेबांचा अर्ज साहेबांच्या कचेरीनं फेटाळला आणि कुणी एकदाही विचारलं नाही की हा आला कुठून. घुसखोरीची नोटीस त्यांना मात्र गेली नाही.

त्या बाई त्याच भरतीत निवड झालेल्या अठ्ठावीस जणांच्या यादीत सहाव्या आल्या होत्या. आवक-जावक टेबलावर बसतात. त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत, दोन वेगवेगळ्या ब्राउझरांचे. दुसरा त्यांनी भांडून मागून घेतलाय, आणि वेबसाइटवर काहीही नवं चढलं की त्या ते दोन्हीकडं उघडून बघतात, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. या पत्रावरचा शिक्का बघा. खालची सही बघा. शा. ना. ननवरे. तेव्हा पत्र मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

माझा प्रश्न एकच आहे. मला घुसखोर म्हणायच्या आधी ते बटण तुम्ही तुमच्या टेबलाशिवाय दुसऱ्या एका तरी टेबलावर उघडून बघितलं होतं का? हो की नाही. नसेल बघितलं, तर घुसखोरी कुणाची, माझी की त्या टायवाल्याची? लेखी लिहा, सही करा, आवक क्रमांकाचा संदर्भ द्या. तुमच्याकडे काय दिसतंय ते नका सांगू. उत्तर द्या.